हात न लावताच दिवे लागत होते
आमच्या सामूहिक कलाकृतीसाठी प्रत्येकाने पुठ्ठ्याचं एकेक घर बनवलं होतं. छपरावरच्या तांब्याच्या चिकटपट्टीला बोट लावलं की आतला एलईडी लागणार. एकेकटी असताना घरं झकास चालायची. एकत्र मांडली की काही आपोआप उजळायची, काही ढिम्म. आपोआप उजळण्याचं कारण वायरींची जुडी. स्पर्शाचा सेन्सर विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतो, त्यामुळे शेजारची वायरही त्याला बोटासारखीच वाटते. वायरी आखूड करून वेगवेगळ्या नेल्या आणि मांडणी झाल्यावरच सेन्सरची संवेदनशीलता ठरवली. ढिम्म घरांचा दोष जोडांत होता. साध्या पट्टीचा गोंद वीज वाहून नेत नाही, म्हणून पट्टीवर पट्टी चिकटवून भागत नाही. कोपऱ्यात पट्टी न कापता दुमडली, बाकी जोडांना सोल्डरिंग केलं, म्हणजे वितळवलेल्या धातूने ते सांधले. पुठ्ठा जळेल ही भीती फुकाची. हात चपळ हवा, बस्स.