अल्ट्रासॉनिक बाथमधे बारीक पार्ट धुताना
एचपीएलसीचे (द्रव मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचे) फ्रिट (बारीक छिद्रांच्या गाळण्या) वगैरे बारीक पार्ट धुवायचे असतील तर आधी टाकीत खुणेपर्यंत पाणी भरा, कोरडी चालवली की ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग) गेलाच समजा. थोडं माइल्ड डिटर्जंट टाका आणि पार्ट न घालता ५-१० मिनिटं नुसतंच चालू ठेवा म्हणजे पाण्यातली हवा निघते, नाहीतर आवाज भरपूर आणि सफाई शून्य. पार्ट तळाला टेकवायचे नाहीत, बास्केटमधेच. अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थेट टाकीत कधीच ओतू नका, वाफ पेट घेऊ शकते. चालू बाथमधे बोट घालून बघायची खाज काहींना असतेच, ती आवरा. गोंदाने जोडलेले क्युवेट (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक डब्या) घालूच नका, जोड सुटतात. बाथ नीट चालतोय का बघायला चिमट्याने अ‍ॅल्युमिनियम फॉइल मिनिटभर धरा, सगळीकडे बारीक भोकं पडली पाहिजेत, आणि फॉइलचे तुकडे उरलेलं ते पाणी मग बदला.