रोलेट शिकताय? आधी हाऊजीची सवय सोडा

सोसायटीच्या गणपतीत हाऊजी खेळतच आपण मोठे झालो. तिथे एकदा पुकारलेला आकडा परत येत नाही, त्यामुळे ‘माझा सतरा अजून बाकी आहे’ ही आशा खरी असते. नाशिकहून पहिल्यांदा गोव्याच्या कॅसिनोत जाणारी मंडळी हीच आशा घेऊन रोलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्याला किंवा रंगाला थांबेल यावर पैसे लावायच्या खेळाच्या, टेबलावर बसतात. दिवाळीचा बोनस झाला की सातपूर-अंबडहून निघणाऱ्या पोरांना मी सगळ्यात आधी सांगतो, की इथे काढलेली चिठ्ठी दरवेळी परत डब्यात पडते.

टेबलाजवळच्या फलकावर मागचे आकडे झळकत असतात. सहा वेळा लाल आलं, म्हणजे आता काळ्याची पाळी, असं नवख्याला वाटतं. १८ ऑगस्ट १९१३ ला युरोपातल्या मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता तरी लाल येईल म्हणत लोक लावत गेले आणि त्यांचे लाखो फ्रँक बुडाले. चाकाला मागचं काहीच आठवत नाही.

याच समजुतीतून दुपटीचा नाद लागतो. १०० हरलो की २०० लावायचे, मग ४००. कधीतरी जिंकूच आणि सगळं वसूल होईल. वही घ्या आणि मांडून बघा. लागोपाठ सात वेळा हरलात की १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० लावावे लागतात. एवढं करून जिंकलात तर हातात निव्वळ नफा किती? १०० रुपये. ठरावीक सात डाव लागोपाठ हरण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते आणि लांबलेल्या रात्रीत शंभर डाव सहज होतात. शिवाय प्रत्येक टेबलाला कमाल रकमेची मर्यादा असते, त्यामुळे दुप्पट करायची परवानगीच एका टप्प्यावर संपते. पगारदार माणसाचा महिना या एका चुकीत जातो, म्हणून मी यावर इतका बोलतो.

बसण्याआधी चाक पाहा. एक शून्य असेल तर आकड्यांची ३७ घरं, दोन शून्यं असतील तर ३८. बरोबर आलेल्या आकड्याला मात्र दोन्हीकडे ३५ पटच नफा मिळतो. सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर ठेवले तर ३,७०० लावून ३,६०० परत येतात, म्हणजे तोटा २.७० टक्के. ३८ घरांवर तोच ५.२६ टक्के होतो. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, कितीही घरांवर पसरा, सरासरी तोटा तेवढाच राहतो. दोन शून्यांच्या टेबलावर ०, ००, १, २, ३ अशी पाच आकड्यांची एकत्र पैज असते. तिच्यात तोटा ७.८९ टक्के, तिच्याकडे बघूसुद्धा नका.

आता टेबलावरचे घोळ. पैसे डीलरच्या, म्हणजे टेबल चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तुम्हाला मिळालेल्या रंगाच्या चिप्सची किंमत त्या टेबलापुरतीच असते. उठताना त्या डीलरकडून बदलून घ्या, नाहीतर काउंटरवर अडचण होते. चिप आकड्याच्या मध्यावर आहे की रेघेवर, हे नीट बघा. रेघेवर असेल तर ती दोन आकड्यांची पैज ठरते आणि नफा १७ पट. ‘नो मोर बेट्स’, म्हणजे आता पैजा बंद, असं ऐकलं की हात मागे.

सराव घरीच करा. ० ते ३६ आकड्यांच्या चिठ्ठ्या, एक डबा आणि चिपांऐवजी चिंचोके. प्रत्येक डाव वहीत लिहा आणि चिठ्ठी आठवणीने परत टाका.

एक चूक मात्र नाशिककरांनी फारच जपून टाळायला हवी. मोबाइलवरचं ‘रोलेट’. आपल्या जिल्ह्यात त्यावरून गुन्हे दाखल झाले आहेत, घरं कर्जात गेली आहेत. तिथे चाक नसतंच; आयडी-पासवर्ड एजंटाचा आणि आकडा सॉफ्टवेअरचा. वर दिलेला एकही हिशेब तिथे लागू पडत नाही. महाराष्ट्रात कॅसिनो कधीच सुरू झाले नाहीत. कॅसिनोंसाठी केलेला १९७६ चा कायदा अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. तुमच्या ओळखीचं कुणी त्यात अडकलं असेल, तर ‘अजून एकदा लाव, वसूल होईल’ म्हणणाऱ्या एजंटाचा फोन आधी बंद करा, घरच्यांना सांगा आणि फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार द्या.