माद्रिदमध्ये चित्रांचा एक दिवस कसा आखावा

सर्वप्रथम वार ठरवावा. रेइना सोफिया संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि रविवारी दुपारीच दारे लावते, म्हणून सोमवार किंवा बुधवार ते शनिवार यांपैकी एखादा दिवस निवडून प्रादोचे वेळ नमूद केलेले तिकीट आधीच काढून ठेवावे. प्रादो, थिसेन-बोर्नेमिसा आणि रेइना सोफिया ही तिन्ही संग्रहालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी एका दिवसात तिन्ही उरकण्याचा मोह टाळावा. माझ्या मते दोनच पाहावीत आणि त्यांतही वेलास्केस, गोया व पिकासो या तीन स्पॅनिश चित्रकारांचा एकच धागा धरावा.

सकाळी १० वाजता प्रादो उघडताच थेट वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’पुढे (१६५६) जावे, कारण पुढे तिथे गर्दी वाढत जाते. आधी जवळ जावे. राजकन्येच्या पोशाखावर नुसते सैल फटकारे दिसतील. मग हळूहळू मागे सरकावे, म्हणजे त्याच फटकाऱ्यांचे रेशीम होते. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसतात, आणि चित्रकार स्वतः कॅनव्हासपाशी उभा आहे. यानंतर गोयाने १८०० साली रंगवलेले स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे चित्र पाहावे. तिथेही चित्रकार मागे अंधारात कॅनव्हासजवळ आहे आणि वेलास्केसचे ऋण उघड दिसते. शेवटी फ्रेंच सैनिक माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घालतानाच्या, गोयाच्याच ‘३ मे १८०८’ (१८१४) या चित्रासमोर निवांत थांबावे. पांढऱ्या सदऱ्यातील माणसाचे उंचावलेले हात, जमिनीवरचा कंदील आणि चेहरे न दिसणारे सैनिक नीट लक्षात ठेवावेत. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, म्हणून छोटी वही सोबत असू द्यावी.

दोन-अडीच तासांनी बाहेर पडून समोरच्या ‘बारियो दे लास लेत्रास’ या लेखकांच्या वस्तीत शिरावे. उएर्तास रस्त्याच्या फरसबंदीत स्पॅनिश साहित्यातील वचने धातूच्या अक्षरांत बसवलेली आहेत. ‘दोन किहोते’चा लेखक सर्वांतेस याला १६१६ मध्ये जिथे पुरले, तो मठ नाटककार लोपे दे वेगाच्या नावाच्या रस्त्यावर आहे, तर लोपे दे वेगाचे घर सर्वांतेसच्या नावाच्या रस्त्यावर! दुपारी दोनच्या सुमारास इथेच ‘मेनू देल दिया’ हे ठरावीक दराचे जेवण घ्यावे. शाकाहारी मंडळींनी भाजीचा पदार्थ मागवतानाही ‘सिन हामोन’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यात हॅमचे तुकडे असू शकतात.

चारच्या सुमारास रेइना सोफियात जाऊन पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र पाहावे. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रांतातील त्याच नावाच्या गावावर बॉम्बफेक झाली आणि पिकासोने त्याच वर्षी पॅरिसमध्ये सुमारे साडेतीन मीटर उंच व पावणेआठ मीटर रुंद असे हे चित्र रंगवले. स्पेनमध्ये लोकशाही परतल्यानंतर, १९८१ साली ते मायदेशी आले. उजव्या कडेला हात उंचावलेली आकृती शोधावी आणि वरचा दिवा पाहावा. सकाळचा गोया इथे आपोआप आठवतो. तो आठवावा म्हणूनच प्रादो आधी पाहायचे.

संग्रहालयाच्या पलीकडेच लावापिएस ही चढ-उतारांची वस्ती आहे. मधल्या चौकाभोवती लाकडी सज्जे असलेल्या तिथल्या जुन्या ‘कोराला’ इमारती मुंबईच्या चाळींसारख्या भासतात. बहुतेक रेस्तराँमध्ये रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या आधी सुरू होत नाही, त्यामुळे तोवर या गल्ल्यांतून हिंडायला पुरेसा वेळ मिळतो.