पोराला मलेरियाची गोळी: बोंडलं, सिरिंज की केळं?

मी शिरपूरकडच्या पाड्यांवर आशा आहे. पावसाळ्यात किटवर मलेरियाची रेघ उमटली की आईचा प्रश्न ठरलेला, "ताई, हे गिळंल का?"

क्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी कडूजहर. पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खी गोळी देऊ नका. दोन चमच्यांत दाबून भुकटी करा, चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर टाकून कालवा. आधी थोडं खाऊपिऊ घाला, उपाशीपोटी नको.

बोंडल्यावर आजीचा हात बसलेला असतो, पण भुकटी तळाशी राहते. पुन्हा पाणी घालून खळबळून तेही पाजा. माझी पसंती बिनसुईच्या सिरिंजला. पोराला मांडीवर बसतं धरा, टोक गालाच्या आत ठेवा, थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून पाजलं तर औषध श्वासनळीत जातं. (हे आजीला सांगणं सगळ्यात अवघड!) रावेर-यावलचं केळं वर्षावरच्या पोराला चालतं, पण गोळी दोनच घासांत मिसळा. अख्ख्या केळात कालवली आणि त्याने अर्धं टाकलं, तर पोटात किती गेलं कसं कळणार? दुधाच्या बाटलीचंही तेच.

अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर आशाला बोलवा, तो डोस पुन्हा द्यावा लागतो. दुसऱ्यांदाही ओकलं तर दवाखाना.

व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराला क्लोरोक्विन ३ दिवस, यकृतातल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस. ताप उतरला की आया थांबतात, पण जंतू यकृतात दडून राहतात आणि ताप महिन्यांनी परत येतो. प्रायमाक्विन वर्षाखालच्या बाळाला देत नाहीत. लघवी काळपट झाली तर ते लगेच थांबवून डॉक्टर गाठा. फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराच्या गोळ्यांचं पाकीट वेगळं, वयाप्रमाणे रंगाचं. १ ते ४ वर्षांना पिवळं. पाण्यात विरघळणारी चेरीच्या चवीची गोळीही २००९ पासून निघाली आहे, माझ्या पिशवीत मात्र ती नसते.

पोर पीत नाही, झटके येतात, हाक मारली तर डोळे उघडत नाही, तर तोंडावाटे काहीच नको. अशा वेळी सहा वर्षांखालच्यांना गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची वडी असते. ती फक्त दवाखान्यात पोचेपर्यंतची सोय. पुढे इंजेक्शन लागतंच. वडी नसेल तर शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. निघताना गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या, किती गेल्या ते डॉक्टर त्यावरूनच पाहतात.