नॉक सेन्सर बदलायच्या आधी वायर बघा

मागच्या मे महिन्यात एक मास्तर त्यांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन नागपुरातल्या मानेवाड्याच्या माझ्या गॅरेजात आले. "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसऱ्या गिअरात टाकावी लागते. अन् हा पिवळा दिवा बघा." गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी ०३२५. बाकी काही न बघता मी नवा नॉक सेन्सर बसवून दिला. चौथ्या दिवशी दिवा परत, मास्तरही परत. सेन्सर चांगलाच होता, वायर उंदरानं कुरतडली होती. सेन्सरचे पैसे परत करावे लागले. तेव्हापासून मी ज्या क्रमानं बघतो, तो सांगतो.

नॉक सेन्सर म्हणजे इंजिन ब्लॉकला बोल्टनं आवळलेला कान. आत पिझो क्रिस्टल असतो. ब्लॉक थरथरला की तो जराशी वीज सोडतो. ठिणगीनंतर सिलिंडरात उरलेलं मिश्रण एकदम भडकलं की टकटक होते, तिलाच नॉक म्हणतात. ती ऐकू आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्क थोडा उशिरा देतो. पण कानाची वायरच तुटली, तर बहुतेक गाड्यांत ईसीयू भीतीपोटी स्पार्कचं टायमिंग मागेच धरून ठेवतो. म्हणून पिकअप जातो, मायलेज पडतं.

पी ०३२५ म्हणजे सर्किटात बिघाड, ०३२७ म्हणजे सिग्नल कमी, ०३२८ म्हणजे जास्त. इंजिन नॉक करतंय, असं यातला एकही कोड सांगत नाही. उलट दिवा नाही, कोड नाही, पण चढावर डब्यात गोट्या खडखडल्यासारखा आवाज येतो, तर सेन्सरच्या मागे लागू नका. रेडिएटरचा पंखा, कूलंट, आतला कार्बन बघा. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की अर्धवट चालणारा पंखा लगेच उघडा पडतो. कंपनीनं सांगितल्यापेक्षा कमी ऑक्टेनचं (पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही, त्याचा आकडा) पेट्रोल भरत असाल, तर तेही कारण असू शकतं.

कोड असेल तर इंजिन गार होऊ द्या, चावी बंद करा. पुष्कळ चार सिलिंडर गाड्यांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ब्लॉकवर असतो. टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. कपलर (वायरचा प्लग) काढून पिना बघा : हिरवट गंज, तेल, वाकलेली पिन. मग वायरवरून बोट फिरवत जा. या वायरीवर बहुधा जाळीचं कवच असतं. ते फाटून आतल्या तारेला टेकलं तरी कोड येतो. एअर फिल्टरच्या डब्यात भुईमुगाची टरफलं सापडली, तर पुढचं काय सांगायचं? मास्तरांच्या गाडीत मूठभर निघाली होती.

बोल्ट ही दुसरी जागा, आणि इथं चांगले चांगले कारागीर चुकतात. मधे भोक असलेला चपटा सेन्सर साधारण २० न्यूटन मीटरला आवळतात. आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि किती जोरानं आवळलं ते दाखवणारा टॉर्क पानाच वापरा. ढिला राहिला तर कान बहिरा, जास्त ताणला तर क्रिस्टलला तडा. खाली वॉशर घालायचा नाही, रंग-गंज पुसून धातूला धातू टेकला पाहिजे.

आता मीटर. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा, तारा सेन्सरच्या दोन पिनांना लावा (एकच पिन असेल तर दुसरी तार ब्लॉकला). सेन्सरजवळ ब्लॉकवर छोट्या पान्यानं हलकेच ठोका. सेन्सरवर नाही, ब्लॉकवर! आकडा दर ठोक्याला उडाला तर सेन्सर जिवंत. मग मीटर ओहमवर : काहींत आत रेझिस्टर असतो, तिथं दोनेकशे किलोओहम दिसतात, बाकीचे मेगाओहमच्या वर जातात. शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे, तो फेका. सेन्सर पास झाला तर बॅटरी काढून कपलरपासून ईसीयूपर्यंत वायर मीटरच्या बीपवर वाजवून बघा, कुठे तुटली तर नाही.

मास्तरांचा जुना सेन्सर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवा पोरगा कामाला आला की मी त्याच्या हातात तो आणि मीटर देतो, अन् विचारतो, "सांग बे, खराब आहे का?" टेबलावर टिचकी मारली तरी आकडा उडतो.