पावसाचा सामू मोजताय? या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पांत एक निष्कर्ष हमखास दिसतो: सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) ७ पेक्षा कमी आला, म्हणजे पुण्यात आम्लवर्षा होते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचाही सामू साधारण ५.६ असतो. आकडा त्याच्या खाली गेला तरच आम्लवर्षा म्हणायची.

सगळ्यात जास्त घोळ पाणी गोळा करतानाच होतो. गच्चीच्या पन्हळीखाली बादली लावली तर आकडा स्लॅबचा येतो. सिमेंटमधला चुना सामू वर चढवतो. प्लास्टिकचा रुंद डबा झाडांपासून आणि पत्र्यापासून लांब, स्टुलावर ठेवा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे उडणार नाहीत. डबा शेवटी विसळायचा तो डिस्टिल्ड वॉटरने, नळाच्या पाण्याने नव्हे. आणि झाकण सर सुरू झाल्यावरच काढा. आदल्या रात्रीपासून उघड्या राहिलेल्या डब्यात आधी धूळ पडते, मग पाऊस.

ही धूळ पुण्यात फार महत्त्वाची. तिच्यातले कॅल्शियमचे क्षार आम्लाचा जोर मारतात, म्हणून वळवाच्या सरीचा सामू ६.५ किंवा ७ सुद्धा येऊ शकतो. अशा वेळी लगेच मीटर बिघडला असं ठरवू नका. मात्र हडपसरचा मे महिन्यातला वळीव आणि पाषाणची ऑगस्टमधली झड शेजारी ठेवून ‘हडपसरची हवा जास्त स्वच्छ’ असं लिहिणं साफ चूक. तुलना करायची तर एकाच दिवसाच्या, एकाच सरीची.

लिटमस इथे कामाचा नाही. रंगपट्टीवरही फार विसंबू नका. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की पट्टीचा रंगच आकडा हलवू शकतो. मीटर वापरण्याआधी सामू ४ आणि ७ च्या बफरने (ठरावीक सामूच्या द्रावणाने) जुळवून घ्या, आणि आकडा थांबेपर्यंत धीर धरा. या पाण्यात त्याला वेळ लागतोच. नमुना त्याच दिवशी मोजा. नाहीतर बाटली काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा.

राहिली सरासरी. सामू ५ आणि ७ यांची सरासरी ६ लिहिणारे पुष्कळ भेटतात. सामूचं माप दसपटीचं आहे: ५ म्हणजे ७ च्या शंभरपट हायड्रोजन आयन. आधी आयनांची सरासरी काढा, मग सामू; उत्तर ५.३ येईल.