ग्रामसभेला जाण्याआधी: हवामान आराखडा आणि आपलं नदीकाठचं गाव

आराखडा कुठून येतो, हे आधी समजून घ्या. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी केंद्राने २००८ साली आठ मोहिमांची राष्ट्रीय योजना आणली आणि पुढे राज्यांना आपापला आराखडा करायला सांगितलं. आपला बेळगाव जिल्हा कर्नाटकात, आणि तिथे ते काम बेंगळुरातली 'एम्प्री' ही सरकारी संस्था पाहते. शेती, पाणी, वीज, आरोग्य अशा खात्यांना धरून तो आराखडा बांधला जातो. त्यात आपल्या गावाचं नाव शोधत बसू नका. गावाची जागा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आहे, म्हणून तयारी त्याची करायची.

पहिलं काम पूररेषेचं. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर चढलं, ते देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर दाखवणारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना घेऊन फिरा, फोटो काढा, गावनकाशावर रेघ मारा. कुठला रस्ता आधी बुडतो आणि कुठल्या वस्तीचा संपर्क तुटतो, तेही लिहा. निपाणी-चिक्कोडीकडच्यांनी एक गोष्ट ठळक मांडावी: आपल्याकडे ऊन असतानाही पूर येतो. वेदगंगेवर वर पाटगाव, दूधगंगेवर काळम्मावाडी, कृष्णेला कोयना. ही धरणं महाराष्ट्रात आहेत. तिथून पाणी सोडल्याचा निरोप गावात कोणाच्या फोनवर येणार आणि रात्री दवंडी कोण देणार, ही नावं ठरलेली हवीत. माझ्या मते सगळ्या यादीत हेच सर्वांत महत्त्वाचं.

जनावरांची मोजणी करून ठेवा. म्हशी गोठ्यात सोडून कोणी निवारा केंद्रात जात नाही, त्यामुळे उंचावर गोठ्याची आणि वैरणीची जागा मागितलीच पाहिजे. ही मागणी बायकांनी सभेत उठून मांडावी, कारण धारावैरण त्याच बघतात.

अथणीकडच्यांची यादी वेगळी होईल: आटलेल्या विहिरी, बोअरची खोली, टँकर कुठल्या महिन्यात लागला. खानापूरकरांनी मलप्रभेच्या उगमाकडचं जंगल आणि ओढे धरावेत. पंचायतीतलं पर्जन्यमापक यंत्र चालू आहे का, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) सगळ्यांनीच विचारावं. पिकाच्या नुकसानीचा वाद निघाला की पावसाच्या नोंदी लागतात.

निवेदन कन्नडमध्ये नीट टाईप करून घ्या, मराठी प्रत गावात वाचून दाखवा, म्हणजे सही करणाऱ्याला मजकूर ठाऊक असेल. ठराव झाला की त्याच दिवशी ठरावाचा नंबर मागा, आणि एक प्रत तालुका पंचायतीत व दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती विभागात देऊन पोच घ्या.